पार्श्वभूमी: कर्नलमधले स्पिनलॉक आणि 'न्याय्य' शब्दाचा गुंता

एप्रिल २००८ मध्ये लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, २.६.२५ ही आवृत्ती आली आणि तिच्यात एक्स८६ (इंटेल-एएमडी धाटणीच्या) प्रोसेसरवरचा स्पिनलॉक बदलला. स्पिनलॉक म्हणजे सामायिक माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणूनचं कुलूप; ते मिळेपर्यंत थांबणारा झोपत नाही, जागीच फिरत पुन्हापुन्हा बघत राहतो. आधीचा लॉक अगदी साधा होता. एक आकडा, लॉक मोकळा असेल तर १. अ‍ॅटॉमिक (मधे कोणाला घुसू न देणाऱ्या) सूचनेने जो कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग, तो आकडा आधी शून्यावर आणेल, लॉक त्याचा. बाकीचे त्याच आकड्यावर डोळे लावून घिरट्या घालणार. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकतात, तसलाच प्रकार. कोण किती वेळ ताटकळलंय याला किंमत नाही, हात कोणाचा आधी पोचला तेवढंच खरं.

बदलाच्या पॅचसोबत (कोडमधल्या फेरफारासोबत) कारणही नोंदवलेलं आहे. दोन सॉकेट (प्रोसेसर चिप बसवायच्या जागा) आणि आठ कोअरच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरच्या मशीनवर चाचणी घेतली, तेव्हा वेगवेगळ्या थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांना) लागलेल्या वेळात दुपटीपर्यंत फरक पडत होता, आणि काही थ्रेडना लॉक दहा लाख वेळांपर्यंत 'अन्यायाने' मिळत होता. यामागे कुठलीही चूक नव्हती. लॉक सोडणाऱ्या कोअरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, लॉकचा आकडा असलेली लाइन (एकत्र हलणारा मेमरीचा तुकडा) अजून ताजीच असते, त्यामुळे पुन्हा हात घातला तर त्यालाच ती आधी मिळते. पलीकडच्या सॉकेटवरचा कोअर बसतो वाट बघत.

यावर उपाय म्हणून तिकीट लॉक आला. त्यात दोन आकडे असतात: पुढचं तिकीट कोणतं आणि सध्या पाळी कोणाची. समजा पाळी ४ ची चालू आहे आणि पुढचं तिकीट ७ आहे. मी आलो, ७ उचललं, त्याच झटक्यात तो आकडा ८ केला, आणि पाळीचा आकडा ७ होईपर्यंत फिरत राहिलो. सोडताना पाळीत एक मिळवायचा, की झालं. बँकेत टोकन घेऊन बसलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको. कल्पनाही नवी नव्हती, नंबर घेऊन थांबण्याचा 'बेकरी' अल्गोरिदम १९७४ चा आहे.

स्पिनलॉकांच्या तुलनेतला खरा घोळ इथूनच सुरू होतो, आणि तो 'न्याय्य' या शब्दाचा आहे. तिकीट लॉक न्याय्य म्हणजे आधी आला त्याला आधी, एवढंच. त्याने एकूण काम जास्त होतं असं कोणी म्हटलेलं नाही. उलट, सेकंदाला किती वेळा लॉक घेतला-सोडला एवढंच मोजलं, तर जुना बेशिस्त लॉक अनेकदा पुढे दिसतो, कारण लॉक एकाच कोअरपाशी घुटमळतो आणि कॅश लाइनची ने-आण वाचते. सगळ्यात जास्त कोण किती थांबला हे मोजलं की चित्र उलटतं. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्हींच्या तक्त्यावर 'कामगिरी' असंच लिहिलेलं असतं. माझ्या मते या विषयावरचे निम्मे वाद इथेच मिटायला हवे होते. जानेवारी २०२० मध्येही ते मिटले नव्हते. एका गेम प्रोग्रामरने यूजरस्पेसमधले, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधले, स्पिनलॉक मोजून लिनक्सच्या शेड्यूलरला (कोणता थ्रेड केव्हा चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाला) दोष दिला. कर्नलच्या बाजूने उत्तर आलं की लॉक हातात असलेला थ्रेडच शेड्यूलरने बाजूला काढला होता, म्हणजे मोजलं गेलं ते भलतंच. उत्तराचा सूर नेहमीसारखा तिखट होता, पण मुद्दा बिनतोड होता.

न्याय्यपणाची किंमत पहिल्यांदा वसूल झाली ती व्हर्च्युअल मशीनमध्ये. तिथे कोअर म्हणजे हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मर्जीने चालणारा, केव्हाही थांबवला जाणारा थ्रेड. ७ नंबरवाल्याची पाळी आली आणि नेमका तोच झोपवलेला असेल, तर ८, ९, १० सगळे जागे असून लॉक मोकळा पडून राहतो. जुन्या लॉकमध्ये जो जागा होता त्याने तो उचलला असता. हा त्रास २००८ च्या त्याच वर्षी जाहीरपणे मांडला गेला. झेन या हायपरव्हायझरसाठी तेव्हा पुन्हा जुन्या धाटणीचा एका बाइटचा लॉक वापरात आणला गेला. 'बराच वेळ फिरलास, आता झोप, पाळी आली की उठवतो' असं हायपरव्हायझरशी बोलणारा तिकीट लॉक मूळ कर्नलमध्ये यायला ३.१२ आवृत्ती, म्हणजे २०१३ साल उजाडलं.

दुसरी अडचण खऱ्याखुऱ्या लोखंडावरची, म्हणजे व्हर्च्युअल नसलेल्या मशीनवरची. थांबलेले सगळे एकाच कॅश लाइनकडे बघत असतात. पाळीचा आकडा बदलला की प्रत्येकाची प्रत रद्द होते आणि प्रत्येकजण नवी मागतो, म्हणजे लॉक पुढे द्यायचा खर्च थांबणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. २०१२ मध्ये ४८ कोअरच्या मशीनवरचा एक अभ्यास आला. त्यात दिसलं की कामगिरी हळूहळू उतरत नाही. चार-दोन कोअर वाढले की ती एकदम कोसळते, आणि लॉकखालचं काम अगदी छोटं असलं तरी कोसळते.

यावरचा इलाज १९९१ पासून कागदावर होता: एमसीएस लॉक. त्यात थांबणाऱ्यांची रांग लागते, प्रत्येकजण मेमरीतल्या आपापल्या नोंदीवर फिरतो आणि पुढचा मोकळा झाला की फक्त मागच्याच्या खांद्याला हात लावतो. मग कर्नलमध्ये यायला दोन दशकं का लागली? अडचण जागेची होती. एमसीएसला लॉकमध्येच ८ बाइटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लागतो, शिवाय लॉक घेताना आपली नोंदही हातात द्यावी लागते. विंडोज एक्सपीने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सरळ वेगळं फंक्शन दिलं: नोंद तुमच्या स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवा आणि पाठवा. लिनक्समध्ये स्पिनलॉक ४ बाइटचा, हजारो ठिकाणी वापरलेला आणि काही घट्ट बांधलेल्या स्ट्रक्चरांमध्ये (माहितीच्या साच्यांमध्ये) बसवलेला. तो वाढवायला कोणी तयार नव्हतं.

ऑगस्ट २०१५ च्या ४.२ आवृत्तीतला क्यूस्पिनलॉक ही एमसीएसची रांग त्या ४ बाइटांत बसवण्याची कसरत आहे. ३२ बिटांपैकी एक बाइट लॉक घेतलाय की नाही यासाठी. वरचे १६ बिट रांगेचं शेपूट: १४ बिटांत कोअरचा नंबर, २ बिटांत त्या कोअरची कितवी नोंद. नोंदी चारच पुरतात, कारण एक कोअर जास्तीत जास्त चार पातळ्यांवर अडकू शकतो: साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि अडवता न येणारा इंटरप्ट (इंटरप्ट म्हणजे चालू काम मधेच थांबवणारा इशारा). १६ बाइटच्या चार नोंदी म्हणजे ६४ बाइट, बरोबर एक कॅश लाइन. उरलेल्यातला एक 'पेंडिंग' बिट मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. थांबणारा एकटाच असेल तर तो रांग लावतच नाही, हा बिट लावून दारातच उभा राहतो. दोघांच्याच झटापटीत रांगेचा लॉक तिकीट लॉकच्या मागे पडू नये, म्हणून ही सोय.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र न्याय्यपणा पुन्हा सैल झाला. हायपरव्हायझरची मदत असेल तर मधेच घुसून लॉक उचलायला मुभा आहे. मदत नसेल, तर क्यूस्पिनलॉक गुपचूप २००८ पूर्वीच्या रुमालपद्धतीवर जातो.

पुढचा इतिहास तुकड्यातुकड्यांचा आहे. एआरएम६४ ने ४.१९ मध्ये, २०१८ साली, तिकीट सोडून रांग धरली (हे नाव, तसंच पुढची पॉवरपीसी आणि रिस्क-व्ही, ही प्रोसेसरच्या इतर प्रकारांची नावं). पॉवरपीसीने तिकीट लॉक कधी घेतलाच नाही, २०२० मध्ये थेट रांगेवर उडी मारली. एकाच सॉकेटवरच्यांना आधी पुढे सोडून दूरच्यांना दुसऱ्या रांगेत ठेवणारा प्रस्ताव २०१९ पासून पंधराव्या आवृत्तीपर्यंत गेला, पण मूळ कर्नलमध्ये शिरला नाही. २०२४ अखेरच्या ६.१२ मध्ये रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्यासाठीचा) पर्याय आत आला. तो चालू केला की 'स्पिनलॉक' नावाचा लॉक चक्क झोपतो, आणि खरोखर फिरणाऱ्याला 'रॉ' स्पिनलॉक म्हणायचं. रिस्क-व्हीने तर ६.१३ मध्ये निवडच पुढे ढकलली. तिकीट आणि रांग, दोन्ही एकाच कर्नलमध्ये भरलेले असतात, आणि प्रोसेसरला काय जमतं ते बघून मशीन सुरू होताना त्यातला एक पक्का होतो.