मल्याळी सिस्टरांचा ताण कोविडच्या आधीचा

एप्रिल २०२०मध्ये मुंबईतल्या खासगी रुग्णालयांत सिस्टर एकामागून एक पॉझिटिव्ह येऊ लागल्या. त्यांत केरळच्या मुली बऱ्याच होत्या. टाळेबंदीत गाड्या बंद, घर हजार किलोमीटरच्या पुढे, आणि मुक्काम हॉस्टेलवर: एका खोलीत तिघी-चौघी, बाथरूम सामाईक. एकीला ताप आला की अख्खी खोली क्वारंटाइन. तेवढी नावं ड्युटीच्या तक्त्यातून गळाली की उरलेल्यांच्या माथी डबल ड्युटी.

ही घडी कोविडने बसवलेली नव्हती. केरळात नर्सिंग हा घराबाहेर पडण्याचा रस्ता फार जुना. १९६०च्या दशकात चर्चच्या ओळखीने मुली जर्मनीला गेल्या, पुढच्या दशकात तेलाच्या पैशाने आखाताचं दार उघडलं. परदेशी नोकरीला अनुभव लागतो. तो मुंबई-दिल्लीत मिळवायचा. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, वर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड, आणि मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात. नकोशी ड्युटी नाकारणार कशी? २०११-१२मधल्या संपांत मागणी पगाराइतकीच या कागदांचीही होती. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमली गेली. ५०पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये पगार द्या, असं तिने सुचवलं. सुचवलं, एवढंच.

मनुष्यबळाचा हिशेब त्याहून बोलका आहे. अतिदक्षता विभागात दर पाळीला खाटेमागे एक सिस्टर आणि रजेसाठी ३० टक्के जादा, हा निकष. म्हणजे १० खाटांना तीन पाळ्यांत ३० आणि वर नऊ, अशा ३९ जणी. खर्च वाचवताना पहिली कात्री लागते ती या जादा नऊ जणींना, आणि साथीत नेमक्या त्याच हव्या असतात.

त्यात पीपीई किट. एकदा चढवलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही; मासिक पाळी आली तरी तसंच. मे महिन्यातल्या मुंबईच्या दमटपणात गॉगलवर वाफ धरते, शीर सापडत नाही. संसर्गाचा मोठा धोका किट उतरवताना असतो: आधी बाहेरचे हातमोजे, मग गाऊन, गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी, आणि मधेमधे हात निर्जंतुक करायचे. थकलेला हात हा क्रम चुकतो.

त्याच मे महिन्यात महाराष्ट्राने महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या कोविड केंद्रासाठी केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या. परिचारिकेला देऊ केलेला पगार होता महिना ३०,००० रुपये.