टाळ पाण्यात बुडाले कसे?

पंचवटीतल्या आत्याच्या भजनी मंडळाची साठ मिनिटांची कॅसेट गेल्या चातुर्मासात माझ्याकडे आली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि एमपीथ्री करून ठेवली. सुरुवातीचा कुणाचा तरी खोकला कापला, सेव्ह केलं. आवाज वाढवला, सेव्ह केलं. चार-पाच संध्याकाळी हाच उद्योग. मग आत्याला ऐकवलं, तर ती म्हणाली, "अरे, टाळ गंगेत बुडवून वाजवल्यासारखे का लागतायत?" (आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी.) सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने मी सांगितलं तेवढंच केलं होतं.

सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग करताना हवेच्या दाबातला चढउतार सेकंदाला 44,100 वेळा मोजला जातो. आपल्याला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, ऐकू येतं, आणि कंपन नीट टिपायला त्याच्या दुपटीहून जास्त मापं लागतात, म्हणून हा आकडा. प्रत्येक माप 16 बिटांचं, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसतं. डावा-उजवा मिळून मिनिटाला साधारण 10.6 एमबी होतात, आत्याची अख्खी कॅसेट 635 एमबी. ही झाली वेव्ह फाइल.

तेच भजन सेकंदाला 128 किलोबिटची एमपीथ्री 58 एमबीत बसवते. ती आवाजाचे 1,152 मापांचे तुकडे पाडते. या तुकड्याला फ्रेम म्हणतात, आणि तो जेमतेम 26 मिलिसेकंदांचा असतो. पखवाजाची थाप घुमत असताना तिच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून तिथले आकडे एमपीथ्री ढोबळ करून टाकते. त्या ढोबळपणातून थोडी खरखर निर्माण होते, पण ती थापेखाली लपते. टाळाचं मात्र वेगळं आहे. तो एका क्षणात कडाडतो आणि खरखर अख्ख्या तुकड्यात पसरते, अगदी टाळ वाजायच्या आधीच्या शांततेतसुद्धा. एमपीथ्री बनवणारा एन्कोडर अशा जागी तुकडे आणखी लहान करतो, तरी थोडी खरखर उरतेच. आणि दर सेव्हला हा सगळा खेळ पहिल्यापासून, आधीच ढोबळ झालेल्या आकड्यांवर. कॉलेज रोडवर परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणारी झेरॉक्सची झेरॉक्स आठवा.

म्हणून आता कुठलंही सॉफ्टवेअर बघताना बटणं किती आहेत हे मी नंतर मोजतो. आधी बघतो, हे एमपीथ्री उलगडून, म्हणजे तिचे परत वेव्हसारखे आकडे करून, काम करतं की न उलगडता?

न उलगडता काम करणाऱ्यांत विंडोजवरचं एमपीथ्री डायरेक्टकट हे छोटंसं फुकट सॉफ्टवेअर मला आवडतं. ते फ्रेमच्या सीमेवर कापतं आणि बाकीच्या फ्रेम जशाच्या तशा उचलून ठेवतं, त्यामुळे दर्जा घटत नाही. आवाजही कमी-जास्त करता येतो, पण 1.5 डेसिबलच्या टप्प्यांनी, कारण फ्रेममधला तेवढा एक आकडाच ते बदलतं. रिंगटोनसाठी चाळीस सेकंद कापायचे असतील तर याहून जास्त काही लागत नाही. कधीकधी कापलेल्या जागी बारीकशी टिचकी ऐकू येते. एमपीथ्रीच्या फ्रेम आधीच्या फ्रेमकडून बिट उसने घेतात, आणि आपण नेमका सावकारच कापून टाकलेला असतो.

खरखर काढायची असेल तर मात्र फाइल उलगडावीच लागते. तिथे ऑडॅसिटी. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट चालतं. आत ते 32 बिटांत हिशेब करतं, त्यामुळे मधल्या आकडेमोडीत आवाज चुकून मर्यादेबाहेर गेला तरी परत खाली आणता येतो. दोन गाण्यांच्या मधला, फक्त खरखर असलेला एखादा सेकंद त्याला दाखवायचा. कोणत्या पट्टीत खरखर किती, हे ते त्यावरून शिकतं आणि सगळीकडून तेवढी दाबतं. हाव मात्र धरू नये. जास्त दाबलं की तंबोरा पत्र्याचा होतो. कॅसेट प्लेअरच्या वायरीतून घुसलेली घूं घूं सहसा 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत असते, कारण आपली वीजच 50 हर्ट्झची. ती अरुंद फिल्टरने वेगळी काढता येते. काम चालू असेपर्यंत प्रोजेक्ट म्हणून सेव्ह करायचं आणि एमपीथ्री एकदाच, सगळ्यात शेवटी काढायची. माझं घोडं इथेच अडलं होतं.

भाच्याने मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या अगदी तोंडाशी मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंगही मला 'दुरुस्त' करायचं होतं. पडद्यावर लाटांचे शेंडे विळीने छाटल्यासारखे सपाट. वरची पायरी संपली की त्यापुढचा आवाज लिहिलाच जात नाही. अशा छाटलेल्या शेंड्यांची डागडुजी करणारी सोय ऑडॅसिटीत आहे, पण ती आजूबाजूचा आकार बघून अंदाज बांधते, गेलेला ढोल काही परत येत नाही. चार पावलं मागे सरकून रेकॉर्डिंग करणं कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त.

पेटी, तबला, गायन वेगवेगळं रेकॉर्ड करून जुळवायचं असेल तर रीपर बघा. त्यात मूळ फाइलला हात लागत नाही, केलेले बदल फक्त वाजवताना लागू होतात. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकटच मिळतं. दरमहा भाडं भरून घ्यायची सॉफ्टवेअरं घरच्या कामाला मला तरी परवडत नाहीत.

कॅसेट मी पुन्हा उतरवली, या वेळी वेव्हमध्ये. टाळ खणखणीत आले. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "सुरुवातीचा खोकला कुठे गेला रे? तो तर तुझ्या आजोबांचा होता." मूळ वेव्ह तशीच ठेवली होती. संध्याकाळी खोकला जागच्या जागी परत बसवून दिला.