अलेक्झांडर पोपोव्ह : लांब हाताचा वेग

50 मीटर फ्रीस्टाइल ही पोहण्याची शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली ती 1988 साली, सोलमध्ये. तेव्हा अमेरिकेच्या मॅट बियाँडीने ती जिंकली आणि त्याचाच देशबंधू टॉम जेगर दुसरा आला. कमी अंतराच्या पोहण्यावर अमेरिकेचीच हुकमत राहणार, असे मानण्यास तेव्हा पुरेसा आधार होता. चारच वर्षांत बार्सिलोनामध्ये 20 वर्षांच्या एका रशियन तरुणाने या दोघांनाही मागे टाकले, म्हणूनच अलेक्झांडर पोपोव्हची कारकीर्द समजून घेताना तो ज्यांच्यानंतर आला त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

पोपोव्हचा जन्म 1971 साली उरल भागातील स्वेर्दलोव्स्क-45 या बंदिस्त, म्हणजे बाहेरच्यांना परवानगीशिवाय प्रवेश नसलेल्या, सोव्हिएत शहरात झाला. लहानपणी त्याला पाण्याची भीती वाटत असे आणि वडिलांच्या आग्रहामुळेच तो तलावात उतरला. पुढे तो स्पर्धांमध्ये उतरला तोही बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या प्रकारात. 1990 च्या सुमारास तो प्रशिक्षक गेन्नादी तुरेत्स्की यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याला फ्रीस्टाइलकडे वळवले. माझ्या मते पोपोव्हच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय हाच होता.

वेग वाढला की पाण्याचा अवरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जोर वाढवून मिळणारा लाभ फार लवकर आटतो. तुरेत्स्कींनी भर दिला तो अवरोध कमी करण्यावर. शरीर पाण्यात सरळ आणि उंच ठेवायचे, एक हात पुढे पूर्ण ताणलेला असतानाच दुसरा पाणी पकडून मागे ढकलत असेल असे पाहायचे आणि हाताच्या प्रत्येक फटक्यात जास्तीत जास्त अंतर कापायचे, अशी त्यांची शिकवण होती. त्यासाठी सरावात पोपोव्ह कितीतरी अंतर संथ गतीने, पण शर्यतीतल्याच घाटाने पोहत असे. शर्यतीत शेजारच्या लेनमध्ये फेस उसळत असताना त्याचे हात मात्र घाई नसल्यासारखे पडत, आणि तरीही पुढे तोच असे. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही.

बार्सिलोनात त्याने 50 मीटर 21.91 सेकंदांत आणि 100 मीटर 49.02 सेकंदांत जिंकली. त्यानंतर तुरेत्स्की ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे गेले आणि पोपोव्हही त्यांच्यामागोमाग तेथे गेला. जून 1994 मध्ये मोनॅको येथे त्याने 48.21 सेकंदांची वेळ देत बियाँडीचा 100 मीटरचा विश्वविक्रम मोडला. 1996 साली अटलांटात अमेरिकेच्या गॅरी हॉल ज्युनियरला अवघ्या सात शतांश सेकंदांनी मागे टाकून त्याने 100 मीटरचे सुवर्ण राखले. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत जिंकण्याची किमया याआधी 1924 आणि 1928 मध्ये अमेरिकेच्या जॉनी वाइसम्युलरने केली होती. 50 मीटरचे सुवर्णही पुन्हा पोपोव्हकडेच आले.

त्यानंतर महिन्याभरातच मॉस्कोच्या रस्त्यावर कलिंगड विक्रेत्यांशी झालेल्या बाचाबाचीत त्याच्या पोटात सुरा खुपसला गेला. मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाला इजा झाल्याने तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तो पुन्हा पोहू शकेल का हीच शंका असताना, वर्षभराने सेव्हिया येथील युरोपीय स्पर्धेत त्याने 50 आणि 100 मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या.

2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या पीटर व्हॅन डेन होगेनबँडने त्याला 100 मीटरमध्ये हरवले. पण 2003 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बार्सिलोनातीलच जागतिक स्पर्धेत पोपोव्हने दोन्ही वैयक्तिक सुवर्णे पुन्हा मिळवली. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही आणि जानेवारी 2005 मध्ये तो निवृत्त झाला. जून 2000 मध्ये मॉस्कोत नोंदवलेला त्याचा 50 मीटरचा 21.64 सेकंदांचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या इमन सुलिव्हनने फेब्रुवारी 2008 मध्ये मोडला, तेव्हा पोपोव्हला स्पर्धा सोडून तीन वर्षे झाली होती.