फरशी चकचकीत, पण मूल कोणाच्या हातात?

१९४५ साली रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने दोन संस्थांमधल्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिली संस्था आईवेगळ्या मुलांची. तिथली स्वच्छता वाखाणण्यासारखी होती. हात निर्जंतुक केल्याशिवाय कोणालाही बाळांजवळ जाऊ दिलं जात नसे, आहार चांगला होता, डॉक्टरांची रोज फेरी होई. दुसरी संस्था म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेलं पाळणाघर. तिथे कैदी आयाच आपापल्या बाळांचं सगळं करत. पहिल्या संस्थेत आठ किंवा त्याहून जास्त बाळांमागे एक परिचारिका होती, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या असल्यामुळे बाळांना वर छताखेरीज फारसं काही दिसत नसे. या बाळांचा विकासांक (वयाला साजेशी प्रगती असेल तर तो १०० धरतात) सुरुवातीला सरासरी १२४ होता. वर्ष सरेपर्यंत तो ७२ वर आला. पुढच्या पाठपुराव्यात ९१ पैकी ३४ मुलं दोन वर्षांच्या आत दगावल्याचं दिसलं. तुरुंगातल्या पाळणाघरात एकही मृत्यू झाला नाही.

स्पिट्झच्या पद्धतीवर नंतर कडक टीका झाली, आणि ती रास्त होती. दोन्हीकडची मुलं मुळात सारखी नव्हती, मोजमापात त्रुटी होत्या, एका संस्थेत गोवराची साथही येऊन गेली होती. पण मला त्या अभ्यासातून एक वेगळाच प्रश्न पडतो. त्या पहिल्या संस्थेत एखादं तपासणी पथक गेलं असतं, तर काय शेरा लिहून आलं असतं? माझा अंदाज आहे, ‘उत्तम’.

बालगृहांच्या तपासणीची खरी अडचण इथेच आहे. पाहुण्याला जे दिसतं आणि मुलाला जे भोगावं लागतं, त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. १९६६ मध्ये अवेदिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासण्यासाठी तीन पातळ्या मांडल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. हीच विभागणी आता बालसंगोपनातही वापरतात. रचना म्हणजे खोल्या, खाटा, कर्मचाऱ्यांची संख्या, अग्निशामक यंत्रं, नोंदवह्या. प्रक्रिया म्हणजे मोठी माणसं मुलांशी प्रत्यक्ष कसं वागतात. परिणाम म्हणजे त्यातून मुलाचं काय झालं: वाढ, शिक्षण, मनाची अवस्था, संस्थेतून बाहेर पडल्यावरचं आयुष्य. रचना तासाभरात तपासून होते. प्रक्रिया पाहायला वेळ आणि प्रशिक्षित नजर लागते. परिणाम कळायला वर्षं जातात. त्यामुळे तपासणीचे तक्ते आपोआप रचनेकडे झुकतात. यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. मोजायला सोपं तेच मोजलं जातं.

अचानक भेट दिली की खरं चित्र दिसतं, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. समजा, एखाद्या बालगृहात दहा दिवसांतून एका दिवशी मुलांना मारहाण होते. न कळवता एक दिवस गेलं, तर नेमका तोच दिवस सापडण्याची शक्यता १० टक्के. तीन महिन्यांतून एकदा, म्हणजे वर्षातून चार वेळा गेलं, तर निदान एकदा तरी तो दिवस सापडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते. दर महिन्याला गेलं तर ७२ टक्के. शिवाय पथक दारात असताना मारहाण थांबतेच, हे या गणितात धरलेलंच नाही. आधी कळवून गेलं तर काय होतं, ते सांगायची गरज नाही. म्हणजे भेटींची संख्या महत्त्वाची आहेच, पण प्रसंग डोळ्यांसमोर घडेल या भरवशावर तपासणी उभी करता येत नाही. घडून गेलेल्या गोष्टींच्या खुणा शोधाव्या लागतात.

कायद्यांमध्ये भेटींचा विचार झालेला दिसतो. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते. पथकात किमान तीन सदस्य, त्यांत किमान एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ऑफ्स्टेड ही संस्था २००७ पासून बालगृहं तपासते. त्याखेरीज २०१५ च्या तिथल्या नियमांनुसार एका स्वतंत्र व्यक्तीने दर महिन्याला जाऊन मुलांशी बोलून अहवाल लिहायचा असतो. कागदावर दोन्ही व्यवस्था चांगल्या आहेत.

आता शेऱ्यांकडे वळू. ‘समाधानकारक’ हा शेरा कितपत विश्वासार्ह असतो? दोन तपासनीसांनी एकमेकांशी न बोलता तीच बालगृहं पाहिली आणि १०० पैकी ८६ ठिकाणी त्यांचे शेरे जुळले, तर आपण खूश होऊ. पण दोघांनाही दहापैकी नऊ संस्थांना ‘समाधानकारक’ लिहिण्याची सवय असेल, तर डोळे मिटून शेरे मारले तरी ८२ ठिकाणी जुळणारच. दोघांचं ‘समाधानकारक’ ८१ ठिकाणी योगायोगाने जुळेल, ‘असमाधानकारक’ एका ठिकाणी. म्हणजे नजरेतून आलेली खरी सहमती उरलेल्या १८ पैकी फक्त चार जागांची. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला ‘कप्पा’ हा गुणांक हेच मोजतो. इथे तो ०.२२ येतो, आणि ही सहमती बरीच कच्ची म्हणायची. उपाय फार अवघड नाही. ‘वातावरण आपुलकीचं आहे का?’ असा प्रश्न तक्त्यात ठेवला की ज्याची त्याची आपुलकी वेगळी. त्याऐवजी ‘जेवणाच्या अर्ध्या तासात किती मुलांशी मोठ्यांपैकी कोणी सूचना सोडून दुसरं काही बोललं?’ असं विचारलं की दोघांचे आकडे जवळ येतात. संशोधक असंच करतात. मुलांचं आणि काळजीवाहकांचं ठरावीक वेळ चित्रीकरण करायचं, वागणुकीच्या ठरलेल्या प्रकारांप्रमाणे गुण द्यायचे, आणि गुण देणाऱ्यांची सहमती आधी तपासायची. तपासणी समित्यांना हे जसंच्या तसं जमणार नाही. मुलांच्या खासगीपणामुळे चित्रीकरण तर नकोच. पण शांत बसून अर्धा तास बघणं जमतं. संस्थाचालकांच्या खोलीत फायली चाळण्यात जो वेळ जातो, त्यातूनच तो काढता येईल.

सगळ्यात मोठी माहिती मात्र मुलांकडेच असते. बिहारमधल्या निवासी संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाने केलं. त्यात पथकातले लोक तिथे राहणाऱ्यांशी बोलले. २०१८ मध्ये तो अहवाल पुढे आला आणि मुझफ्फरपूरच्या मुलींच्या संस्थेतले लैंगिक अत्याचार उघड झाले. संस्थेला सरकारी निधी मिळत होता, देखरेखीची यंत्रणा अस्तित्वात होती. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं, आणि त्यांत बालकल्याण समितीचा माजी अध्यक्षही होता. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच गुन्ह्यात सामील असेल, तर तक्रारपेटीला कितीही मोठं कुलूप लावा, उपयोग शून्य.

हा प्रकार एका देशापुरता नाही. इंग्लंडमध्ये डॉन्कास्टर इथल्या तीन निवासी संस्थांमध्ये अपंगत्व असलेली मुलं राहत. तपासणीत त्यांना ‘चांगली’ असा शेरा मिळालेला होता. तिथे मुलांचा गंभीर छळ होत असल्याचं पुढे उघड झालं, संस्था बंद झाल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या पुनरावलोकनाने १०८ मुलांचा आणि तरुणांचा अनुभव तपासला. त्यांतल्या अनेकांना बोलून सांगणं शक्य नव्हतं. मुलं वेगवेगळ्या गावांच्या प्रशासनांनी पाठवलेली होती. तक्रारी आल्या होत्या, पण प्रत्येक तक्रार सुटी हाताळली गेली. त्या एकत्र मांडून बघणारं कोणी नव्हतं. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीत वजन, झोप, अंगावरच्या जखमा, औषधांच्या मात्रा, अचानक बदललेलं वागणं हीच साक्ष असते, आणि ती एकाच ठिकाणी, एकाच तक्त्यात दिसायला हवी.

मुलांशी बोलणं ही स्वतंत्र विद्या आहे. अधीक्षक शेजारी बसलेले असताना ‘इथे आवडतं ना?’ असं विचारलं तर मूल हो म्हणणारच. पथक गेल्यावर आपल्याला इथेच राहायचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मुलं आपणहून निवडतील त्या जागी, त्यांच्यापैकीच दोघा-तिघांसोबत, उघड प्रश्नांनी सुरुवात केलेली बरी: काल संध्याकाळी काय काय झालं? रात्री कोणी रडलं तर कोण उठतं? चुकलं तर काय होतं? संस्था सोडून गेलेल्या मुलांना विचारणं तर त्याहून उपयोगी, कारण त्यांना गमावण्यासारखं काही नसतं. हे मात्र फार थोड्या ठिकाणी होतं.

आकड्यांच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. बालगृहात मुलं थोडी असतात, त्यामुळे आकडे उगाचच खालीवर होतात. एका तिमाहीत पळून जाण्याचे नऊ प्रसंग घडले, वरून ताशेरे आले, पुढच्या तिमाहीत चार झाले. ताशेऱ्यांचा गुण आला? कदाचित आलाही असेल. पण फार वाईट गेलेल्या तिमाहीनंतरची तिमाही काहीही न करता बरी जाण्याचीच शक्यता जास्त असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी दाखवलेला ‘सरासरीकडे परतणं’ हा परिणाम तो हाच. म्हणून दोन आकड्यांची तुलना करण्याऐवजी महिन्यामहिन्याचे बिंदू आलेखावर मांडून बघतात. सलग सहा-सात महिने बिंदू जुन्या मध्यमूल्याच्या खालीच राहिले, तर खरंच काही बदललं असं मानायला जागा आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या मालासाठी काढलेल्या नियंत्रण-आलेखाचीच ही सुटसुटीत भावंडं.

आणखी एक गंमत: मारामारीच्या नोंदी वाढल्या म्हणजे संस्था बिघडली असं नाही. नवे अधीक्षक आले, लपवाछपवी थांबली, की पहिल्या काही महिन्यांत नोंदी वाढतात. एकही प्रसंग न नोंदवणारं किशोरवयीन मुलांचं बालगृह दिसलं, तर मी आधी तिथेच जाईन. नोंदींच्या संख्येवरून शेरा किंवा अनुदान ठरवलं तर संख्या कमी होईल यात शंका नाही. प्रसंग कमी होतीलच असं नाही. सामाजिक निर्णयांसाठी एखादा आकडा जितका जास्त वापरावा तितका तो बिघडत जातो, हे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे.

तपासणीतून दोष सापडले. पुढे काय? नेहमीचं उत्तर असतं प्रशिक्षण. कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, छायाचित्र. या उत्तराची कसोटी रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे लागली. रशियन आणि अमेरिकी संशोधकांनी तिथली तीन शिशुगृहं घेतली, आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीची परिस्थिती अशी होती, की वयाच्या १९ महिन्यांपर्यंत मुलाला ६० ते १०० वेगवेगळ्या काळजीवाहक स्त्रिया हाताळून जात. पाळ्या लांबलचक, गट मोठे, आणि मूल जरा मोठं झालं की त्याची बदली पुढच्या गटात, नव्या माणसांकडे. एका शिशुगृहात काहीच बदललं नाही. दुसऱ्यात फक्त प्रशिक्षण दिलं. तिसऱ्यात प्रशिक्षणाबरोबर रचनाही बदलली: गट जवळपास निम्मे केले, प्रत्येक गटाला ठरलेल्या मुख्य काळजीवाहक दिल्या, गटांतर बंद केलं, आणि दिवसातला काही वेळ फक्त त्या मुलांसोबत घालवायचा म्हणून राखून ठेवला.

तिसऱ्या शिशुगृहात नऊ महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या, अपंगत्व नसलेल्या मुलांचा विकासांक सरासरी ५७ वरून ९२ च्या आसपास गेला. आहार तोच असूनही वजन-उंची सुधारली. अपंगत्व असलेल्या मुलांनाही फायदा झाला. फक्त प्रशिक्षणाने मिळालेला फायदा त्यामानाने थोडा होता. बाळ रडलं तर काय करावं हे त्या बायांना वर्गात शिकवता येईल, पण एकाच वेळी बारा बाळांना, आणि उद्या दुसऱ्या गटात जाणाऱ्या मुलाला जीव लावायला पाळीच्या तक्त्यानेच मनाई केलेली असेल, तर त्या काय करणार?

माझ्या मते बालगृहाच्या तपासणीत एक आकडा सक्तीचा हवा: गेल्या महिन्यात या एका मुलाला किती मोठ्या माणसांनी जेवू घातलं, झोपवलं, शाळेत धाडलं? हजेरीपट आणि पाळ्यांचा तक्ता शेजारी ठेवले की तो अर्ध्या तासात निघतो. मोठ्या मुलांसाठी प्रश्न थोडा बदलतो: वर्षभरात त्यांची काळजी घेणाऱ्यांपैकी किती जण नोकरी सोडून गेले? पगार वेळेवर न मिळणं, रात्रपाळीला एकटं असणं, दमछाक ही नोकरी सोडण्याची कारणंही मग तपासणीच्या कक्षेत येतात. आज ती प्रशासनाची बाब म्हणून बाजूला ठेवली जातात.

संस्था सुधारण्यालाही मर्यादा आहे. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांमधल्या १३६ लहान मुलांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवली गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७३ होता, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांचा १०९. जितकं लवकर कुटुंब मिळालं तितका फायदा जास्त. त्यामुळे ‘हे मूल इथे का आहे, आणि त्याला घरी किंवा दुसऱ्या कुटुंबात पाठवण्यासाठी गेल्या तीन महिन्यांत काय केलं?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाच्या फाइलबाबत विचारला गेला पाहिजे. ज्या बालगृहातून कोणीच बाहेर जात नाही, ते कितीही नीटनेटकं असलं तरी तिथे काहीतरी अडलेलं आहे.

सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगाची पुढची बातमी २०१३ मध्ये आली. संशोधक तिथून गेल्यावर सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. परदेशी पैसा आणि पाहणारे डोळे गेले की अशा सुधारणा बहुतेक वेळा विरून जातात. इथे त्या टिकल्या होत्या, आणि नंतर आलेल्या मुलांनाही त्यांचा लाभ मिळत होता. गटाचा आकार, ठरलेल्या काळजीवाहक आणि गटांतराची बंदी हा रोजच्या कामाचा भाग झाला होता. नवी बाई कामावर रुजू झाली की तिला पहिल्याच दिवशी तिची ठरलेली मुलं मिळत.