द बॉइज (चित्रकथा मालिका)

सुपरहिरोंची निर्दय टवाळी करणारी, हिंसा आणि कृष्णविनोद यांनी ओतप्रोत भरलेली इंग्रजी चित्रकथा मालिका. लेखक गार्थ एनिस. चित्रकार व सहनिर्माता डॅरिक रॉबर्टसन. २००६ ते २०१२ या काळात मूळ मालिकेचे ७२ अंक निघाले. तिला जोडून ‘हीरोगॅझम’, ‘हायलँड लॅडी’ आणि ‘बुचर, बेकर, कँडलस्टिकमेकर’ या प्रत्येकी सहा अंकांच्या तीन उपमालिका आल्या, आणि २०२० मध्ये ‘डिअर बेकी’ ही आठ अंकांची पुरवणी. मालिका फक्त प्रौढांसाठी आहे. मुखपृष्ठावरचे रंगीत पोशाख बघून कोणी ती घरातल्या पोरांच्या हाती देऊ नये.

अमानवी शक्ती असलेली शेकडो माणसे खरोखरच जगात वावरत असतील, तर ती कशी वागतील? एनिसचे उत्तर सरळ आहे: पैसा, प्रसिद्धी आणि कायद्याचे अभय एकदम मिळालेली माणसे वागतात तशीच. ती दारू पितात, नशा करतात, बलात्कार करतात, चुकून किंवा मजेखातर माणसे मारतात, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर हात उंचावून हसतात. कथेत त्यांना ‘सुप्स’ म्हणतात. त्यांच्यावर पाळत ठेवायची, त्यांची लफडी गोळा करून त्यांना धाकात ठेवायचे आणि वेळ आली तर हाडे मोडायची, हे काम ‘द बॉइज’ नावाच्या पाच जणांच्या टोळीकडे आहे. तिचा खर्च अमेरिकी गुप्तहेर संस्था सीआयए करते. टोळीचा म्होरक्या बिली बुचर हा लंडनचा, फॉकलंडच्या युद्धात लढलेला माजी मरीन. मदर्स मिल्क, द फ्रेंचमन आणि एक शब्दही न बोलणारी द फीमेल हे त्याचे जुने साथीदार. पाचवा स्कॉटलंडचा ह्यूई कॅम्पबेल. एका सुपने पाठलागाच्या भरात त्याच्या प्रेयसीला भिंतीवर चिरडले आणि ह्यूईच्या हातात तिचे नुसते हात उरले. मालिका सुरू होते ती इथून. ह्यूईचा चेहरा रॉबर्टसनने सायमन पेग या इंग्रज अभिनेत्यावरून काढला होता.

एनिस मूळचा उत्तर आयर्लंडचा, जन्म १९७०. ब्रिटिश साप्ताहिक कॉमिकांत तयार झालेल्या पिढीतला हा लेखक अमेरिकेत ‘प्रीचर’ या चित्रकथा मालिकेमुळे गाजला. सुपरहिरोंची त्याला नावड आहे, हे त्याने कधी लपवले नाही. पण ज्या विषयावर तो मनापासून लिहितो तो म्हणजे युद्ध, आणि त्यातही साधा शिपाई. ‘द बॉइज’ वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर सगळा मामला नुसता रक्ताचा आणि शिव्यांचा वाटतो. खरे मरणारे शिपाई चिखलात पडलेले असताना देशाने झग्यातल्या पैलवानांची पूजा करावी, या गोष्टीचा संताप मालिकेच्या मुळाशी आहे.

प्रकाशनाची हकीकतही कथेला शोभणारी आहे. मालिका सुरू झाली वाइल्डस्टॉर्म या छापाखाली. त्याची मालकी डीसी कॉमिक्सकडे, म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या माहेरघराकडे. सहाव्या अंकानंतर डीसीने ती बंद केली; मालिकेचा सुपरहिरोद्वेष घरच्यांना मानवेना. मात्र हक्क लेखक-चित्रकारांना परत दिले, आणि डीसीशी करारबद्ध असलेल्या रॉबर्टसनला ही मालिका पुढे काढण्याची खास मुभाही दिली. २००७ मध्येच डायनमाइट एंटरटेनमेंटने सातव्या अंकापासून सूत्रे घेतली. पुढे चित्रांचे काम जॉन मक्रे आणि रस ब्रॉन यांच्यासह इतरांनीही केले.

कथेतला खरा खलनायक कोणी उडणारा माणूस नसून एक कंपनी आहे. वॉट-अमेरिकन ही संरक्षण साहित्य बनवणारी कंपनी. तिचा माल कायम सदोष आणि तिच्या ओळखी कायम वरपर्यंत. व्हिएतनाममध्ये तिने पुरवलेली रायफल ऐन लढाईत अडकते आणि अमेरिकी सैनिक कापले जातात. नाझी जर्मनीतून आलेल्या शास्त्रज्ञाने शोधलेले ‘कंपाउंड व्ही’ हे रसायन तिच्या हाती आहे. साऱ्या सुप्सची शक्ती त्यातूनच येते. आकाशातून पडलेला देवदूत वगैरे काही नाही. बाटलीतला पदार्थ आणि त्यावर जाहिरात खात्याने रचलेली जन्मकथा. कंपनीला हे सुप्स शस्त्र म्हणून सैन्याला विकायचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात आर्देनच्या जंगलात हा प्रयोग एकदा होऊन गेलेला असतो. कंपनीने पाठवलेले पोशाखी वीर एका तुकडीच्या गळ्यात पडतात, त्यांच्या मूर्खपणामुळे तुकडी मारली जाते. वाचलेला अधिकारी मॅलरी पुढे ‘द बॉइज’ची स्थापना करतो.

११ सप्टेंबर २००१ चा प्रसंग हा या मालिकेचा सर्वांत जळजळीत भाग. इथे जुळे मनोरे शाबूत राहतात. अपहृत विमानांपैकी तीन हवाई दल पाडते. शेवटचे मात्र ‘द सेव्हन’ या अव्वल पथकाला शौर्य दाखवण्यासाठी राखून ठेवले जाते, कारण व्हाइट हाउसमधला उपाध्यक्ष कंपनीचा माणूस. सुप्सना सरावच नसतो. एकमेकांत ताळमेळ नाही, बंद विमानात शिरायचे कसे याची कल्पना नाही. विमान ब्रुकलिन पुलावर आदळते. शक्ती असणे आणि काम येणे यांतला फरक एनिसने इथे जितका थंडपणे दाखवला आहे, तितका हाणामारीच्या पन्नास पानांत मिळून दाखवता आला नसता.

विडंबनाचे लक्ष्य ओळखायला कॉमिकांचा फार अभ्यास लागत नाही. ‘द सेव्हन’ ही डीसीच्या जस्टिस लीग या सुपरहिरो पथकाची नक्कल, आणि तिचा प्रमुख होमलँडर हा झेंड्यात गुंडाळलेला सुपरमॅन. ‘पेबॅक’ म्हणजे मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनाचे अ‍ॅव्हेंजर्स, ‘जी-मेन’ म्हणजे एक्स-मेन. जास्त खोल टोमणा आहे ‘द लेजंड’ या पात्रात. कॉमिकांच्या दुकानाखालच्या तळघरात, जुन्या अंकांच्या ढिगाऱ्यात बसणारा हा म्हातारा एकेकाळचा संपादक. सुप्सच्या खऱ्या कुकर्मांवर रंग चढवून त्यांच्या चकचकीत शौर्यकथा त्यानेच बाजारात आणल्या. म्हणजे त्या जगातही मुले सुपरहिरोंचे कॉमिक वाचतात, फरक एवढाच की तिथे ती कंपनीची प्रसिद्धीपत्रके आहेत. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या वाचकाला या तळघरात थोडे चोरट्यासारखे वाटण्याची शक्यता आहे.

हिंसा सतत आहे, आणि ती बहुधा विनोदाच्या हातात हात घालून येते. बुचर ह्यूईला न विचारता कंपाउंड व्ही टोचतो. आपल्या हातात किती बळ आले आहे हे ठाऊक नसलेला ह्यूई पहिल्याच मारामारीत एका सुपला ठार करतो, मग त्याचा हॅम्स्टर, उंदरासारखा छोटा प्राणी, अपराधी मनाने पाळतो. तो हॅम्स्टर कुठून निघाला, हे विश्वकोशात न सांगितलेलेच बरे. पण दरवेळी हा तोल साधत नाही. लैंगिक किळस हाच विनोद समजून कितीतरी पाने खर्ची पडली आहेत, समलैंगिकतेवरचे विनोद शिळे आहेत, आणि स्त्री पात्रांवर होणारे अत्याचार अनेकदा पुरुषांच्या सूडाला इंधन एवढ्यापुरतेच उरतात. ‘द सेव्हन’मध्ये नव्याने आलेल्या स्टारलाइटचा प्रसंग याचे उदाहरण, जरी पुढे ह्यूईशी जुळलेल्या नात्यामुळे तिला स्वतःचा आवाज मिळतो.

२०१९ पासून अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आलेल्या एरिक क्रिप्कीच्या मालिकेने हे नाव घरोघर नेले. तिच्यात सायमन पेग ह्यूईच्या बापाची भूमिका करतो. पडद्यावरचा होमलँडर, अँटनी स्टारने साकारलेला, कागदावरच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. उलट कागदावर ‘द बॉइज’ स्वतःच कंपाउंड व्ही घेतलेले आहेत, म्हणजे ज्याचा द्वेष करायचा तेच त्यांच्या रक्तात. पडद्याने सुरुवातीला ही कडवट गंमत सोडून दिली.

ही गंमत का महत्त्वाची होती हे कॉमिकच्या शेवटी कळते. ज्या अत्याचारामुळे बुचरची बायको बेकी मेली आणि ज्यापायी त्याने आयुष्य होमलँडरच्या सूडाला वाहिले, तो होमलँडरने केलेलाच नव्हता. तो ‘द सेव्हन’मधल्या ब्लॅक नॉयर या मुखवट्यामागच्या त्याच्याच प्रतिकृतीने केला होता. होमलँडर आवरेनासा झालाच तर त्याला संपवण्यासाठी कंपनीने बनवलेला हा तोडगा. हुकूम येईना म्हणून वेडा झाला आणि होमलँडरच्या रूपात एकेक अघोरी कृत्य करीत गेला. दोघेही व्हाइट हाउसमध्ये संपतात, पण बुचर थांबत नाही. ज्यांच्या रक्तात कंपाउंड व्ही आहे ते सगळे मेले पाहिजेत, या हिशेबात त्याचे साथीदारही बसतात, आणि तो त्यांना मारतो. त्याला अडवायला उरतो एकटा ह्यूई.

कंपनीचे मात्र काही बिघडत नाही. ती नाव बदलते, नवे पथक नव्या पोशाखांत लोकांसमोर उभे करते. इतकी वर्षे एकदाही आवाज न चढवता सगळे सांभाळणारा तिचा अधिकारी स्टिलवेल त्या नव्या चेहऱ्यांकडे बघतो, आणि आपला माल मुळातच वाईट आहे हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात येते.