आरशाविना सागरवेणी

नवरात्र जवळ आलं की राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत कोल्हापुरातल्या पार्लरांत एकच मागणी असते. कपाळापासून दोन्ही बाजूंनी सागरवेणी, मागे मोकळे केस नाहीतर अंबाडा, आणि वर गजरा. गजरा महाद्वार रोडवर मिळतो, वेणी मात्र कुणाकडून तरी घालून घ्यावी लागते. धाकट्या बहिणीच्या डोक्यावर बघता बघता सुबक सागरवेणी घालणारी पोरगीसुद्धा स्वतःच्या कानावरच्या केसांना हात घातला की अडखळते. हात तेच, केस तसेच, पेडही तीनच. मग बिघडतं कुठं? माझ्या मते बरंचसं आरशापाशी.

आधी वेणीचा नियम बघू, कारण तो वाटतो त्याहून सोपा आहे. कडेचा पेड मधल्यावरून आत आणायचा, मग दुसऱ्या कडेचा पेड मधल्यावरून आत. साधी तिपेडी वेणी एवढीच. सागरवेणीत भर इतकीच की कडेचा पेड आत आणण्याआधी त्यात टाळूवरची एक नवी बट मिसळायची. म्हणून साधी वेणी खाली येता येता बारीक होते आणि सागरवेणी मानेपर्यंत जाड होत जाते.

या कामाला स्मरणशक्ती जवळजवळ लागतच नाही. शेवटी कुठल्या बाजूचा पेड आत आला एवढं ठाऊक असलं की पुरे, पुढची पाळी पलीकडच्या बाजूची. मध्येच दार वाजलं आणि तेही विसरलं, तर बोटानं चाचपायचं. मधला पेड ज्या बाजूच्या पेडावर चढलेला लागेल ती बाजू झालेली असते. हे कळायला डोळे लागत नाहीत, आणि शिकवताना नेमकं हेच कुणी सांगत नाही. ‘हे असं, मग असं’ म्हणत बोटं भराभर फिरवून दाखवतात आणि शिकणारी नुसती बघत राहते.

वेण्यांचं चक्क गणित आहे. हॅम्बुर्गमध्ये शिकवणाऱ्या एमिल आर्टिन या गणितज्ञानं 1925 साली वेण्यांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला. पेडांची प्रत्येक अदलाबदल हे एक अक्षर मानायचं आणि अख्खी वेणी म्हणजे त्या अक्षरांचा शब्द, अशी त्याची मांडणी होती. अदलाबदल आणि तिची उलट अदलाबदल लागोपाठ आली तर दोन्ही खोडली जातात. आपल्या तिपेडी वेणीत सहा अदलाबदली झाल्या की तिन्ही पेड आपापल्या मूळ जागी परत येतात. त्या सहांत कुठलेही दोन पेड एकमेकांना दोनदाच ओलांडतात, आणि त्या दोन्ही वेळा एकमेकींच्या उलट असतात. तिसरा पेड मध्ये असतो तोवर त्या खोडल्या जात नाहीत. तो काढून घेतला की उरलेल्या दोघांत काही गुंतलेलंच राहत नाही. अर्ध्यावर एक पेड हातातून निसटला की सगळी वेणीच ढासळते, ती यामुळे. दोन पेडांची तिपेडी वेणी शिल्लक राहूच शकत नाही.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते. चप्पल लाइनीत कोल्हापुरी चपलांवर कातड्याची वेणी लावलेली असते. पेड मधल्याच्या वरून नेत घातलेली अशी सुटी वेणी पालथी करून पाहिली, तर तीच वेणी पेड मधल्याच्या खालून नेत घातल्यासारखी असते. सुट्या वेणीत वरून आणि खालून यांत फरक उरत नाही. डोक्यावरची वेणी मात्र टाळूला बांधलेली, तिला पालथं कोण करणार? त्यामुळे इथं दोन वेगळे प्रकार दिसतात. पेड वरून नेले तर वेणी केसांत बुडते, ही नेहमीची सागरवेणी. खालून नेले तर ती टाळूवर उठून बसते, तिला पार्लरमध्ये डच वेणी म्हणतात. पहिल्यांदा शिकताना ही उठलेली वेणी घ्यावी असं मी म्हणेन. ती दिसते मोठी म्हणून नव्हे, तर तिच्या कडा बोटांना स्पष्ट लागतात म्हणून.

आता आरसा. आरसा डावं-उजवं उलटं करतो असं आपण म्हणतो, पण समोरचा आरसा खरं तर पुढचं-मागचं उलटं करतो. उजवा हात वर केला तर आरशातलाही त्याच बाजूचा हात वर जातो. तोच हात मागे नेला, तर आरशातला हात आणखी आत, आपल्यापासून दूर जातो. कानावरची सागरवेणी धावते ती कपाळाकडून मागे, म्हणजे आरसा जी दिशा उलटवतो नेमकी तीच. पेडांची नावंही इथं डावा-उजवा राहत नाहीत. चेहऱ्याकडचा पेड आणि भांगाकडचा पेड असं म्हणावं लागतं. डोळा सांगतो एक, खांदा आणि मनगट सांगतात दुसरं, आणि बट चुकीच्या बाजूला जाऊन पडते.

आरशात बघून काम करायची सवय होत नाही असं नाही. हेन्री मोलिसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर 1953 साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला, फक्त आरशात बघून, चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितली. तीन दिवसांत त्याच्या चुका उतरत गेल्या, पण आपण हे आधी कधी केलंय हे त्याला दर वेळी ठाऊकच नसे. 1962 मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि हाताच्या कौशल्याची आठवण ही घटनांच्या आठवणीपेक्षा वेगळी, मेंदूत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते हे पुढे आलं. आपल्या दृष्टीनं त्यातला धडा असा की आरशात बघून हात चालवणं ही स्वतंत्र कला आहे. वेणी शिकताना तीही सोबत शिकायला घेतली तर दोन्ही रखडतात. भांग पाडण्यापुरता आरसा घ्यावा, मग त्याच्याकडे पाठ करून बसावं. हवं तर डोळे मिटावेत. वेणी झाल्यावर आहेच की आरसा.

डोळ्यांच्या जागी शरीराकडे बरंच काही आहे. स्नायूंमधले संवेदक हात कुठं आहे, किती वळलाय हे न बघता सांगतात. बोटांच्या टोकांना दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात. आणि प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोकं गुंडाळलेली असल्यानं कुठली बट कुठून ओढली गेली हे टाळूला लगेच समजतं. बहिणीच्या डोक्यावर काम करताना ही शेवटची खबर तिला मिळते, आपल्याला नाही. स्वतःच्या डोक्यावर ओढणारी आणि ओढली जाणारी दोन्ही बाजू आपल्याच.

यात एक गोम आहे. स्वतः केलेला स्पर्श मेंदू आधीच ओळखतो आणि सौम्य करून घेतो. 2003 साली लंडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या बोटावर ठरावीक दाब दिला आणि तेवढाच दाब स्वतःच्या हातानं द्यायला सांगितला, तर लोक जास्तच जोरात दाबू लागले. आई वेणी घालताना ‘आई गं’ होतं आणि आपण तितकंच ओढलं तर काही वाटत नाही, यात या गोष्टीचा वाटा असावा. या ताणाकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

हात भरून येतात ते वेगळंच. एक हात साधारण शरीराच्या वजनाच्या 5 टक्के, म्हणजे 60 किलोच्या बाईचा 3 किलो. तो अधांतरी धरला की खांद्याचे आवळलेले स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतात, रक्त कमी पोचतं आणि जळजळ सुरू होते. कोपर खुर्चीच्या पाठीवर किंवा उशांच्या चळतीवर टेकवावं, त्यात कमीपणा नाही. बाजूची वेणी त्या मानानं दयाळू, कान ओलांडला की हात खाली येतात. मात्र तिथंच मनगटाची पकड बदलावी लागते आणि बहुतेक वेण्या तिथंच सैल पडतात. एका हातात तिन्ही पेड बोटांच्या बेचक्यांत वेगळे धरून दुसरा हात आधी वळवून घ्यायचा, मग पहिला. मान तिरकी करायची नाही. तिरक्या मानेवर घट्ट बसलेली वेणी मान सरळ केली की एका बाजूला फुगते. बोटांची पेरं टाळूला टेकलेली ठेवायची. हात डोक्यापासून लांब गेला की वेणीही तिथंच, हवेत तयार होते.

गाठ नाही, डिंक नाही, तरी तीन पेड एकमेकांना धरून कसे राहतात? केसाची जाडी 50 ते 100 मायक्रोमीटर, आणि त्याच्या अंगावर केराटिन या प्रथिनाचे चपटे खवले एकावर एक चढलेले असतात, टोकं केसाच्या शेंड्याकडे. म्हणून मुळाकडून शेंड्याकडे बोट सहज जातं आणि उलट फिरवलं तर अडतं. पेड दुसऱ्या पेडाला वळसा घालतो तेव्हा हे घर्षण नुसतं बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. खुंट्याला कासऱ्याचे दोन-तीन वेढे दिले की हिसके देणारा बैल एका हाताने धरता येतो, तेच हे गणित. ऑयलर या गणितज्ञानं ते अठराव्या शतकात मांडलं. वेणीत असे वळसे ओळीनं येतात. त्यामुळे बटा लहान घेतल्या, वळसे जवळजवळ आले, तर वेणी टिकते.

नुकतेच धुऊन कंडिशनर लावलेले केस सरकतात तेही यामुळेच. कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाच्या पृष्ठभागाला चिकटून घर्षण कमी करतात. आदल्या दिवशी धुतलेले केस बरे. तळहाताला पुसून घेतलेलं थेंबभर तेलही चालतं. तेलाच्या पातळ थरानं केस एकमेकांना बिलगतात आणि बट नीट वेगळी निघते. शेंड्याकडे मात्र जपून. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या केसाचा शेंडा पाच वर्षं ऊन, पाऊस आणि फणी सोसून आलेला असतो, खवले झिजलेला. गुंता होतो तो तिथंच, म्हणून वेणीला हात घालण्याआधी शेंड्यापासून वर विंचरत जावं.

ओल्या केसांची वेणी नको. पाण्यात केस जाडीला साधारण 15 टक्के फुगतो, त्याच्या आतले हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हलके दुवे, सुटतात आणि तो जास्त ताणला जातो. वेणी वाळताना पेड बारीक होतात, सैल पडतात. लांबीही थोडी आखडते आणि मुळं ओढली जातात. नुसत्या दमट हवेतही केस लांबतो. कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत फरक दोन-अडीच टक्क्यांचा. त्याच्याच जोरावर जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1783 मध्ये माणसाच्या केसाचं आर्द्रतामापक लोकांपुढे मांडलं. वेणी सोडल्यावर केसांत जी लाट दिसते ती याच बंधांनी नव्या जागा धरल्यामुळे. जुलैत रंकाळ्यावर फिरून आलं की ती जाते, कारण दमट हवेतलं पाणी ते बंध पुन्हा सोडवतं. त्यासाठी फवारे आणि जेल विकत घेण्यापेक्षा पावसाळ्यात लाटेचा नाद सोडलेला बरा.

राहिला ताण. सतत घट्ट बांधलेल्या केसांमुळे पडणाऱ्या टकलाची नोंद 1907 मध्येच ग्रीनलंडमधल्या बायकांबद्दल झाली होती. त्या केस वर ओढून घट्ट बांधत. सुरुवातीला केस परत येतात, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मुळं कायमची जातात. कानशिलावरचे, कपाळाच्या कडेचे केस बारीक आणि सगळ्यांत आधी जाणारे. बाजूची सागरवेणी नेमकी तिथून सुरू होते, आणि आपला ताण आपल्याला कमी जाणवतो हे वर आलंच आहे. त्यामुळे सुरुवातीच्या तीन-चार अदलाबदली मुद्दाम सैल ठेवाव्यात, घट्टपणा कानामागे आणावा. भुवया उंचावल्यावर कानशिलं ओढली जात असतील किंवा मुळांशी बारीक पुळ्या दिसत असतील, तर वेणी जास्त घट्ट आहे. अशा वेळी पेडांच्या कडा बोटांनी हलक्या बाहेर ओढून थोडं भागतं. नाही भागलं तर अख्खी वेणी सोडावी लागते, कारण पहिले पेड सगळ्यांत वर असतात आणि वेणी सुटते ती खालून.