लाच मागितल्याची तक्रार केली की तक्रारदारच अडकतो?

मत्स्यतळ्याचं अनुदान असो की तलावाचा ठेका, बडोद्यात हा सल्ला हमखास मिळतो: ‘देऊन टाका, तक्रार केलीत तर तुम्हीच गुन्हेगार.’ हे अर्धसत्य आहे, आणि दलालांच्या फार सोयीचं.

2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा गुन्हा आहे, हे खरं. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 मध्ये दोन वाटा मोकळ्या आहेत. जबरदस्तीनं द्यावी लागली, तर दिल्यापासून 7 दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं. त्याहून बरं म्हणजे यंत्रणेला आधीच कळवून, तिच्या तपासाला मदत म्हणून लाच मागणाऱ्याला पैसे द्यायचे. मग गुन्हाच नाही. ‘वरपर्यंत पोचवतो’ म्हणणारा दलालही कलम 7अ खाली येतो.

गुजरातेत लाचलुचपत विरोधी ब्युरोचा क्रमांक 1064. सापळ्यात नोटांचे क्रमांक पंचांसमोर लिहून घेतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं.

पण नुसत्या गुलाबी पाण्यानं खटला उभा राहत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते, आणि घोडं अडतं ते इथेच: घाबरलेला तक्रारदार न मागताच पाकीट पुढे सरकवतो. समोरच्याला बोलू द्या. रक्कम आणि काम, दोन्ही त्याच्याच तोंडून येऊ द्या. तोवर नोटांना हात लावू नका, हस्तांदोलनही टाळा. पूड तुमच्याच हातून त्याच्या हाताला लागली, तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.